न दिसणारे चाक

(चिंचणी येथे टेम्पो-ट्रक चालवणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)

ट्रकला चाके किती असतात? कोणी म्हणेल चार, कोणी सहा, कोणी दहा. सुटे चाक धरले तर आणखी एक. पण आज मी ज्या चाकाबद्दल बोलणार आहे, ते यात धरलेले नाही. ते रस्त्याला कधी लागत नाही. ते डोळ्यांना दिसतही नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, एका लोखंडी घरात ते बसलेले असते. त्याचे नाव फ्लायव्हील. आपले मिस्त्री त्याला फ्लायवील म्हणतात. आपणही तसेच म्हणू. नावासाठी अडायचे नाही.

हे चाक बिघडले की गाडी दारात उभी राहते. मिरचीचा तोडा झालेला असतो. पोती भरून तयार असतात. रात्री वाशीच्या बाजाराकडे निघायचे असते. आणि सेल्फ मारला की नुसता ‘घर्रर्र’ असा आवाज! इंजिन काही फिरत नाही. मालकाच्या पोटात गोळा येतो. मग शेजारचा कोणी सांगतो, “अहो, घरीच खोलू. चार माणसं जमवू. तासाभराचं तर काम!”

तासाभराचे काम ते नव्हे. पण घरी ते होतच नाही, असेही नाही. काय घरी करावे, काय करू नये आणि करायचे तर हातपाय सांभाळून कसे करावे, एवढेच आज सांगतो.

आधी हे चाक करते काय, ते बघू. कुंभार तुम्ही पाहिला आहे. तो काठीने चाक गरगर फिरवतो. मग काठी बाजूला ठेवतो आणि मातीला हात लावतो. काठी निघाली तरी चाक फिरतच राहते. का? चाक जड आहे म्हणून. जड वस्तू एकदा फिरू लागली की लवकर थांबत नाही. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन आठवा. त्याच्या दोन्ही बाजूंना भली मोठी लोखंडी चाके असत. हँडल घालून पाच-सहा फेऱ्या जोराने दिल्या की इंजिन धडधडू लागे. ती चाके म्हणजेच फ्लायव्हील. तिथे ती उघडी होती, ट्रकमध्ये ती झाकलेली आहेत, इतकाच फरक.

इंजिनाला याची गरज का पडते? इंजिनातला पिस्टन चार खेपा करतो. एका खेपेत हवा ओढतो. दुसऱ्या खेपेत ती दाबतो. तिसऱ्या खेपेत डिझेल पेटते आणि जोर मिळतो. चौथ्या खेपेत धूर बाहेर टाकतो. म्हणजे चार खेपांत कमाईची खेप एकच! बाकीच्या तीन खेपा कोणाच्या जिवावर? या जड चाकाच्या. कमाईच्या खेपेतला जोर ते साठवून ठेवते आणि पुढच्या तीन खेपांना पुरवते. घरातली शहाणी बाई सुगीचे धान्य वर्षभर पुरवते, तसेच हे.

आणखी दोन कामे हेच चाक करते. त्याच्या मागच्या सपाट तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. तिथूनच इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे जातो. आणि त्याच्या कडेला दातांचे एक कडे असते. त्याला रिंग गिअर म्हणतात. सेल्फचे छोटे दाते त्या दातांत अडकते आणि इंजिन फिरवते. चाक एक, कामे तीन. म्हणून बिघाडही तीन तऱ्हांचे.

तुम्ही म्हणाल, बाहेरून कळावे कसे? थोडे कान आणि थोडे नाक वापरले की कळते. सेल्फ नुसता गुरगुरतो आणि इंजिन धरत नाही, तर दातांवर संशय घ्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथर थरथर करते, जळका वास येतो, तर क्लचच्या तोंडावर संशय घ्या. इंजिन मंद चालू असताना आतून ‘ठक ठक’ असा आवाज येतो आणि क्लच दाबला की तो बदलतो, तर चाकाचे बोल्ट ढिले झाले असतील. हा तिसरा आवाज ऐकला तर गाडी पुढे नेऊ नका. पहिल्या दोन्हींत गाडी फार तर अडते. तिसऱ्यात माणूस जायबंदी होऊ शकतो.

दातांची एक गंमत सांगतो. चार सिलिंडरचे इंजिन बंद केले की ते वाटेल तिथे थांबत नाही. आत दाबली जाणारी हवा त्याला थोपवते. त्यामुळे बहुतेक वेळा ते ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागीच थांबते. मग दुसऱ्या दिवशी सेल्फचे दाते कुठे आदळणार? त्याच दोन जागी! रोज तिथेच. वर्षानुवर्षे तिथेच. म्हणून कड्याचे सगळे दात शाबूत असतात आणि समोरासमोरच्या दोन जागांचे दात मात्र झिजून जातात. सहा सिलिंडरच्या इंजिनात अशा तीन जागा असतात.

आता हे कळले की परीक्षा सोपी झाली. सेल्फ धरत नाही ना? चावी बंद करा. गाडी वरच्या गिअरमध्ये घाला. पुढे कोणी उभे नाही हे पाहा आणि गाडी चार बोटे ढकला. इंजिन थोडे फिरते. झिजलेली जागा पुढे सरकते. आता गिअर काढून न्यूट्रल करा आणि सेल्फ मारा. लगेच धरला, तर दातांचाच दोष. जुने ड्रायव्हर ही युक्ती जाणतात, पण ती का चालते हे फार थोड्यांना ठाऊक असते. युक्तीने त्या रात्रीचा माल बाजाराला पोचेल. पण ते औषध नव्हे. झिजलेला दात शेजारच्या दातालाही खातो, आणि सेल्फच्या दात्यालाही.

आणि मंडळी, एवढ्यावरूनही लगेच गिअरबॉक्स उतरवायला धावू नका. बॅटरीच्या तारा घट्ट आहेत का? सेल्फचे बोल्ट ढिले नाहीत ना? सेल्फचे स्वतःचे दाते झिजले आहे का? आधी बॅटरीची तार काढा. मग सेल्फ काढा. त्या भोकातून टॉर्च मारा. एकाने पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवावे. दुसऱ्याने एकेक दात पाहावा. पहिल्या दाताला खडूची खूण करायची म्हणजे फेरी पुरी झाली हे कळते. अर्ध्या तासात सगळे कडे पाहून होते. ढिला बोल्ट आवळून ज्याचे काम भागते, त्याला ‘सगळं क्लचकाम काढावं लागेल’ असे सांगणारे लोक या जगात आहेत. आपण स्वतः पाहिलेले बरे.

बरे, दातच गेले आहेत असे ठरले. तर सगळे चाक नवे घ्यायचे का? नेहमीच नाही. बऱ्याच गाड्यांत दातांचे कडे वेगळे मिळते. हे कडे चाकावर कसे बसवतात, ते ऐकून तुम्हाला नवल वाटणार नाही. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो? धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो. मग ती तापवतो. तापली की लोखंड फुगते. फुगलेली धाव लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. ती आक्रसते आणि चाकाला करकचून धरते. खिळा नको, बोल्ट नको. ट्रकच्या फ्लायव्हीलवर रिंग गिअर बसतो तो अगदी याच रीतीने.

पण दोन गोष्टींत फरक आहे, आणि तिथेच लोक फसतात. धाव लोहार चांगली लाल करतो. रिंग गिअर लाल करायचा नाही. त्याच्या दातांना कारखान्यात पाणी दिलेले असते, म्हणून ते कठीण असतात. लाल केले की ते पाणी उतरते. दात मऊ पडतात आणि काही महिन्यांत पुन्हा झिजतात. त्याला सुमारे २०० ते २३० अंशांची उष्णता पुरे. ती मोजायची कशी? घासून चकचकीत केलेल्या पोलादावर रंग चढतो, तो बघायचा. वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग आला की थांबायचे. जांभळा-निळा दिसू लागला, तर जास्त झाले. आपल्या चिंचणीच्या भागात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, आणि ते उतरते कसे, हे त्यांना विचारा. माझ्यापेक्षा ते चांगले सांगतील. दुसरा फरक असा की रिंग गिअरवर पाणी ओतायचे नाही. त्याला हवेतच निवू द्यायचे. नाही तर तो तडकतो.

आणि कडे उलटे बसवू नका. दातांची एक कड उतरती घासलेली असते. ज्या बाजूने सेल्फचे दाते आत शिरते, त्या बाजूला ती यायला हवी. तापलेले कडे एकदा धरून बसले की चूक दुरुस्त करायला पुन्हा कडे कापावे लागते. म्हणून तापवण्याआधीच जुन्या कड्याकडे बघून नव्यावर खडूने ‘सेल्फची बाजू’ असे लिहून ठेवावे. लिहिता यायला लागले आहे ना? मग इथे लिहा! मात्र खडूची खूण तापवताना पुसली जाईल, तेव्हा कागदावरही चित्र काढून ठेवा.

माझे मत विचाराल, तर हे काम घरी करू नये. कडे सारखे तापायला हवे. एका बाजूला जास्त आणि एका बाजूला कमी झाले तर ते वाकडे बसते. बोईसरला औद्योगिक वसाहत आहे. तिथे लेथवाले आहेत, भट्टीवाले आहेत. चाक काढून त्यांच्याकडे न्यावे.

आता चाकाच्या तोंडाचा बिघाड. क्लच फार घासला की तोंडावर निळे डाग पडतात. चरे पडतात. केसाएवढ्या बारीक भेगा दिसतात. भेगा वरवरच्या असतील तर लेथवर तोंड घासून घेता येते. पण किती घासायचे याला मर्यादा आहे. चाकाची जाडी किती राहिली पाहिजे, हे कारखान्याच्या पुस्तकात दिलेले असते. तितकी राहत नसेल तर चाक बाद. भेग कडेपर्यंत गेली असेल किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोचली असेल, तरी चाक बाद. मडके विकत घेताना आपण टिचकी मारून पाहतो. चाक टांगून हलकी हातोडी मारली, तर चांगले चाक ‘ठण्ण’ वाजते आणि तडकलेले बद्द वाजते. पण ठण्ण वाजले म्हणून निश्चिंत होऊ नका. डोळ्यांनीही पाहा. काही नव्या गाड्यांत फ्लायव्हील दोन भागांचे असते. मधे स्प्रिंगा असतात. ते लेथवर घासायचे नसते. बिघडले की बदलायचे.

कोणी म्हणतो, “भेगेला वेल्डिंग मारू. चालतंय!” मंडळी, हे कधी करू नका. का, ते हिशेबाने सांगतो. समजा चाक ३५ सेंटिमीटर रुंदीचे आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते आहे. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. एका फेऱ्यात चाकाची कड एक मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे ती कड तासाला जवळजवळ २०० किलोमीटर वेगाने धावते आहे. आपण गाडीत शांत बसलेलो असतो आणि आपल्या पायांपासून दोन-तीन फुटांवर हे चालले असते. फिरण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यात साठलेला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. असे चाक फुटले तर वरचे घर त्याला आवरू शकत नाही. फ्लायव्हील बहुधा बिडाचे असते. वेल्डिंगच्या कडेला बीड पुन्हा तडकते. पैसे वाचतील, पाय जाईल.

मधेच एक सांगून टाकतो. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पुष्कळ ट्रकना क्लचचे पायडल नसते. गिअर आपोआप पडतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत या जड चाकाच्या जागी पातळ पोलादी तबकडी असते, तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. तिच्यामागे तेलाने भरलेला जड डबा असतो. जड चाकाचे काम तो डबा करतो. ती तबकडी बोल्टच्या भोकांपाशी तडकते आणि ठकठक करते. आपल्याकडेही आता पायडल नसलेल्या काही गाड्या येतात. पण त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत क्लच असतोच. तो पायाने न दाबता यंत्र दाबते. तेव्हा पायडल नाही म्हणून फ्लायव्हील नाही, असे समजू नका.

आता घरी चाक काढायचे की नाही? लहान पिकअप किंवा छोटा टेम्पो असेल, आणि हे काम पूर्वी केलेला एक तरी माणूस हजर असेल, तर हरकत नाही. मोठ्या ट्रकचा गिअरबॉक्स मात्र शंभर किलोच्याही वर भरतो. त्याला गॅरेजच हवे. तिथे पैसे वाचवण्याचा हिशेब करू नये. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तेव्हापासून या देशातल्या किती ड्रायव्हरांनी आणि क्लिनरांनी रस्त्याच्या कडेला दगड-विटांवर ट्रक उचलून गिअरबॉक्स उतरवले असतील! त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळे करतात. त्यात ज्यांची बोटे गेली, ज्यांच्या छातीवर गाडी बसली, त्यांना कोणी भाषणाला बोलावत नाही.

म्हणून गाडी उचलण्याबद्दल जरा जास्त बोलतो. बाकीचे थोडे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. धरून ठेवण्यासाठी नसतो. जॅकवरच्या गाडीखाली डोकेसुद्धा घालायचे नाही. गाडी उचलली की चेसिसखाली लोखंडी घोड्या लावायच्या आणि गाडीचा भार घोड्यांवर उतरवायचा. मग दोन माणसांनी गाडीला हाताने हलवून पाहायचे. हलली तर पुन्हा बसवायची. घोडीच्या जागी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे चालत नाहीत. वीट भार सोसते, सोसते आणि एकदम फुटते. आधी सूचना देत नाही. आपल्याकडे समुद्राकाठची भुसभुशीत जमीन. जॅक आणि घोडी तिच्यात रुततात. तेव्हा खाली जाड फळी घाला, नाही तर सरळ सिमेंटच्या खळ्यावर काम करा. गाडी रिकामी हवी. चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी हव्यात. ‘हँडब्रेक ओढलाय, गिअरमध्ये टाकलीय, कशाला पाचरी?’ असे म्हणू नका. मागचा शाफ्ट काढला की गिअरचा उपयोग संपला. काही जुन्या ट्रकांत तर हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागच्या टोकालाच असतो. शाफ्ट सुटला की तोही सुटला. गाडी उताराला लागते आणि खाली माणूस असतो.

बरे. गाडी नीट बसली. बॅटरीची तार काढली. आता शाफ्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना रंगाची खूण करा. तसाच्या तसा बसला तर गाडी थरथरणार नाही. सेल्फ, तारा, गिअरचा दांडा, क्लचचे जोडकाम, सगळे एकेक करून सोडवा. क्लचला तेलाची नळी असेल तर नळी न उघडता पूर्ण भागच बाजूला बांधून ठेवा. एकेका जागचे बोल्ट एकेका डब्यात. डब्यावर चिठ्ठी. ‘सेल्फ’, ‘वरचे दोन’, ‘मधला आडवा पट्टा’. वाचायला शिकल्याचा हा रोखठोक फायदा! संध्याकाळी कोणता बोल्ट कुठला, यावरून भांडण नाही.

पुष्कळ गाड्यांत इंजिनाचे मागचे टोक गिअरबॉक्सच्याच आधारावर असते. गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे कलते. म्हणून आधी इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून आधार द्या. गिअरबॉक्सखाली चाकाचा जॅक लावा. चिंचेच्या फांदीला कप्पी बांधून गिअरबॉक्स टांगणारे मी पाहिले आहेत. फांदीने मनावर घेतले तर काय, याचा विचार त्यांनी केलेला नसतो. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. त्याचा भार क्लचच्या शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही. नाही तर प्लेट वाकते.

आत क्लच दिसेल. काळी भुकटी दिसेल. ती तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपानेही उडवू नका. जुन्या क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस घालत असत. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी रोग होतो. नवी प्लेट असली तरी धूळ ती धूळच. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्या. पोराबाळांना त्या वेळी दूर ठेवा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. एकाच बाजूचे पूर्ण काढू नका. मग फ्लायव्हील. त्याचे बोल्ट फार आवळलेले असतात. सगळे काढा, पण समोरासमोरचे दोन ढिले करून ठेवा. दोन माणसांनी चाक धरावे आणि मग ते दोन काढावेत. लहान गाडीचे चाकही दहा-पंधरा किलोचे असते. ते अंगावर घसरून आले तर छाती फुटेल. उताणे पडलेल्या माणसाला पळता येत नाही.

नवे चाक आणले की जुन्याशेजारी जमिनीवर ठेवा. दात मोजा. एकशे काही असतील, कंटाळा करू नका. बोल्टची भोके जुळतात का? उंची तीच आहे का? चाकावर छापलेला नंबर आणि पावतीवरचा नंबर एकेक आकडा लावून वाचा. एका आकड्याचा फरक म्हणजे दुसऱ्याच गाडीचे चाक. दुकानदाराने ‘चालतंय’ म्हटले, तरी आपण आकडा वाचायचा. नव्या चाकाला गंज लागू नये म्हणून तेल लावलेले असते, ते क्लचच्या तोंडावरून पुरते पुसा. एक थेंब राहिला तरी क्लच घसरेल. आणि इतके खोललेच आहे, तर इंजिनाच्या मागच्या टोकाचे ऑइल सील बघा. ते ओले दिसले तर बदला. मधले छोटे बेअरिंग आणि क्लचचे रिलीज बेअरिंग हाताने फिरवून बघा. खरखरले तर बदला. त्यांची किंमत थोडी असते. पण त्यांच्यासाठी सहा महिन्यांनी हा सगळा डोंगर पुन्हा उतरवावा लागतो.

आता बोल्ट आवळण्याचे. बोल्ट नवेच घाला. पुष्कळ कारखाने तसे स्पष्ट लिहितात. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितके धरत नाही. आवळताना गोल फिरत जाऊ नका. समोरासमोर आवळा. खाट विणताना एकाच बाजूने दोर ओढला तर खाट तिरपी होते, तसेच हे. थोडे थोडे करून दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटची फेरी मोजणाऱ्या पान्याने. त्याला टॉर्क पाना म्हणतात. तो नसेल तर भाड्याने किंवा मागून आणा. हाताच्या अंदाजाने हे काम होत नाही. पहिलवान जास्त आवळतो, दमलेला कमी.

किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पण इथे एक खड्डा आहे, नीट ऐका. जुन्या पुस्तकांत हा आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. नव्या पुस्तकांत तो न्यूटन-मीटरमध्ये असतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळजवळ १० न्यूटन-मीटर. मीटरभर लांब पाना बोल्टला आडवा लावला आणि त्याच्या टोकाला १२ किलोचे वजन टांगले, तर तो जोर १२ किलोग्रॅम-मीटर. न्यूटन-मीटरमध्ये तोच सुमारे १२०. पुस्तकात एक माप आणि पान्यावर दुसरे असेल, तर दहा पटींचा घोळ होतो. १२० च्या जागी १२ आवळले, तर चाक सुटून येईल. उलट झाले, तर बोल्ट तुटेल. म्हणून नुसता आकडा वाचू नका. आकड्यापुढचे अक्षरही वाचा. आपल्या गाडीचा आकडा वहीत मापासकट लिहून ठेवा.

क्लच प्लेट बसवताना ती मधोमध बसायला हवी. त्यासाठी जुना क्लच शाफ्ट किंवा लाकडी दांडा घालून प्लेट मध्यावर धरतात आणि मग प्रेशर प्लेट आवळतात. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावर छापलेले असते. गिअरबॉक्स चढवताना तो आपोआप सरकून बसला पाहिजे. बसत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका. थोडा फिरवा, पुन्हा सरळ धरा. बोल्टने ओढला तर कान तुटतो.

सगळे जोडले. घाई नको. आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे घासत नाही ना? मग बॅटरी जोडा. गाडी न्यूट्रल. गिअरबॉक्सचे तेल काढले असेल तर भरले का? गाडीच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या रेषेत, कोणी उभे राहू नये. सेल्फ मारा. मंद चालू द्या. ऐका. क्लच दाबा, सोडा, पुन्हा ऐका. मग रिकामी गाडी वाणगावपर्यंत नेऊन आणा. पहिल्याच दिवशी माल भरून चारोटी नाका गाठू नका. परत आल्यावर खाली वाकून बाहेरचे सगळे बोल्ट एकदा तपासा.

चाक पुन्हा इतक्यात बिघडू नये, तर काय करावे? अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. चढावर थांबायचे असेल तर ब्रेक वापरा. किनाऱ्यावर वाळूत चाक रुतले की काहीजण क्लच अर्धा सोडून इंजिन भणाण फिरवतात. पाच मिनिटांत फ्लायव्हीलचे तोंड निळे पडते. त्यापेक्षा खाली उतरा, वाळू उपसा, चाकाखाली फळ्या किंवा झावळ्या घाला. इंजिन चालू असताना चुकून पुन्हा सेल्फ मारू नका. आणि पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका. इथली हवा खारी. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीललाच चिकटते. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून थोडी पुढे-मागे केली, तरी पुरे.

जुने चाक लगेच भंगारवाल्याला देऊ नका. नवे चाक महिनाभर नीट चालू द्या. जुन्या चाकाचे तोंड अजून जाड असेल आणि फक्त दातच गेले असतील, तर पुढेमागे त्यावर नवे कडे चढवता येईल. त्याला तेल लावून गोणपाटात गुंडाळून ठेवा.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. आणि ज्यांच्या गाडीचा सेल्फ गुरगुरतो आहे, त्यांनी गाडी इथे अंगणात आणा. टॉर्च आहे, खडू आहे. दात मोजू.